गावरान कॉम्प्युटर

बंद वस्तू हातात आली की भाऊ ती आधी कानाशी नेऊन हलवायचे, मग उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायचे आणि मग उघडायचे. बिस्किटाचा पुडा असो, गोळ्यांची पट्टी असो, की मी नुकताच सुतळीनं बांधून ठेवलेला लग्नपत्रिकांचा गठ्ठा असो.

"उघडून पाह्यलं काय, ताई?"

"भाऊ, आत्ताच तं बांधला! आता काय त्याची आरती करू?" मी चिडून म्हणायची. तोवर सुतळी सुटलेली असायची. एकदा अशाच एका गठ्ठ्यात मधल्या काही पत्रिका एका बाजूनं कोऱ्या निघाल्या. भाऊंनी त्या काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या आणि काही न बोलता आपल्या दुकानात निघून गेले. चार शब्द ऐकवले असते तर मला बरं वाटलं असतं.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. दोन रुपयांचा पेनसुद्धा खोलून, आतली कांडी बघून घेणारा. दुकानदार वैतागतात, मागची गिऱ्हाइकं हसतात. आम्हीही हसायचो. दारव्ह्याच्या बाजाररोडवर माझं डीटीपीचं दुकान होतं आणि प्लायवूडच्या पातळ भिंतीपलीकडे भाऊंचा कॉम्प्युटर क्लास. भिंत इतकी पातळ की मी शिंकले तर पलीकडून "जपा ताई" असं ऐकू यायचं. आमच्याकडे प्रत्येकाच्या नावापुढे भाऊ लागतोच, पण यांना नावाशिवाय नुसतंच भाऊ म्हणत. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, अंगानं बारीक, शर्टाच्या खिशात नेहमी एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर. जवळच्याच खेड्यातून रोज काळ्या-पिवळ्या जीपनं यायचे आणि जीपमध्ये जागा असली तरी दारातच बसायचे.

त्यांच्या दुकानाची पाटी पत्र्याची होती आणि ती मुळात उलटी लावलेली होती. पुढच्या बाजूला 'संगणक प्रशिक्षण' असं रंगवलेलं. मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, एक टपोरं कापसाचं बोंड आणि हसरा शेतकरी होता. कारण ते आधी कृषी केंद्र होतं. भाऊ शेतकीचे पदवीधर, त्यामुळे परवाना सहज मिळाला होता, आणि खेड्यातल्या बौद्ध वस्तीतून शिकून पुढे आलेला माणूस बियाण्याचं दुकान टाकतो याचं गावाला कौतुकही होतं.

ते दुकान का बंद झालं हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी फार खोदून विचारलं म्हणून.

कापसाची ती वाईट वर्षं नुकतीच सुरू झाली होती. एका कंपनीचा माणूस नवं बियाणं घेऊन आला. यवतमाळला लॉजवर सगळ्या दुकानदारांना जेवण दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाऊंनी आपल्या गावात सांगितलं, हे पेरा, मी सांगतो. गावानं पेरलं. झाडं माणसाएवढी झाली आणि बोंडं धरलीच नाहीत. तक्रारी झाल्या, समिती आली, समितीनं हवामानाकडे बोट दाखवलं. कंपनीनं पाकिटाची मागची बाजू दाखवली. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की उत्पन्नाची जबाबदारी कंपनीची नाही. भाऊंनी ती बाजू कधी वाचलीच नव्हती.

त्यांच्याच वस्तीतली एक म्हातारी मावशी रिकामं पाकीट घेऊन दुकानात आली. भांडली नाही, रडली नाही. पाकीट गल्ल्यावर ठेवलं आणि म्हणाली, "मले कंपनी ठाव नाही बापू. मले तू ठाव हायेस."

"बस, एवढंच बोलली," भाऊ म्हणाले. "मी पाटी उतरवली, ताई. माह्या तोंडाकडे पाहून लोकायनं पेरलं. आता जे मी उघडून पाह्यलं नाही, ते मी कोणाले घ्या म्हणणार नाही."

ही गोष्ट त्यांनी प्रतिज्ञा वगैरे केल्यासारखी सांगितली नव्हती. बोलता बोलता ते माझ्या प्रिंटरचं झाकण लावत होते.

मग यवतमाळला जाऊन त्यांनी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, जुनी यंत्रं आणली आणि त्याच जागेत क्लास काढला. सुरुवातीला त्यांच्याकडेही सगळ्यांसारखंच होतं. विकणारा यंत्रात जे सॉफ्टवेअर भरून देईल ते घ्यायचं, विचारायचं नाही. माझ्याकडेही तेच. नकली आहे हे सगळ्या बाजाराला माहीत होतं, आणि सगळ्यांचंच नकली म्हटल्यावर कोणाला लाज वाटणार? एका सकाळी भाऊंच्या यंत्राचा पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात इंग्रजीत अक्षरं आली की तुमची प्रत अस्सल नाही. माझ्या यंत्रावर आली असती तर मी दुरुस्तीवाल्याला फोन केला असता. भाऊ त्या काळ्या पडद्यासमोर तसेच बसून राहिले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "ताई, हे बी पाकीटच निंघालं."

त्यानंतर काही दिवसांनी ते यवतमाळच्या बसस्टँडवरून एक इंग्रजी मासिक घेऊन आले. त्यात मागच्या पानाला सीडी चिकटवलेली होती. उभ्या उभ्याच त्यांनी मला त्यातला लेख समजावून सांगितला. जगभरातल्या लोकांनी मिळून केलेली एक कॉम्प्युटरची प्रणाली आहे, लिनक्स नावाची. विकत घ्यायची नाही, चोरायची नाही, मोकळ्या मनानं कोणालाही द्यायची.

"आन मेन म्हंजे ताई, हे आतून कसं बनवलं ते सारं लिवून ठेवलं हाय. कोणीबी उघडून वाचू शकते."

"तुमाले समजते काय ते वाचून?"

"मले नाही समजत," भाऊ म्हणाले. "पण ज्याले समजते त्याले कोणी अडवत नाही ना. कोणी तं पाह्यलं असन."

त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता. पुढचे कितीतरी महिने मात्र त्या सीडीनं त्यांना रडवलं. आवाज यायचा तर प्रिंटर चालायचा नाही. प्रिंटर चालला की इंटरनेट जायचं. भिंतीपलीकडून त्यांचं यंत्राशी चाललेलं बोलणं मला ऐकू यायचं. "काहून रुसली बाप्पा? काय पाह्यजे तुले?" विद्यार्थी कुरकुरायचे. परीक्षा त्या दुसऱ्या, कंपनीच्या प्रणालीवर होती. म्हणून भाऊंनी एका यंत्रापुरती अस्सल प्रत विकत घेतली आणि परीक्षेआधी सगळ्यांना पाळीपाळीनं त्याच्यावर बसवलं. काही पोरी सोडून गेल्या. ज्या राहिल्या त्यांना ते स्क्रू-ड्रायव्हर देऊन आधी यंत्राचं झाकण काढायला लावायचे. टायपिंग नंतर.

लिनक्स हे नाव आमच्या बाजारात कोणाच्या जिभेवर बसलं नाही. भाजीवाल्यांनी त्याचं 'गावरान' करून टाकलं. कंपनीचं ते संकरित आणि भाऊंचं ते गावरान. लोक दारात येऊन विचारायचे, "भाऊ, गावरान कॉम्प्युटर शिकवून राह्यले म्हणतात, तं त्याले रोग कमी पडते काय?" भाऊ गंभीरपणे सांगायचे की हो, व्हायरसचा त्रास कमी असतो. मी इकडे हसून लोटपोट.

पण त्या नावानं एक गंमत झाली. आमच्या भागात गावरान बी विकत नसत. ज्याच्या घरी चांगलं असेल त्याच्याकडून पेरणीला न्यायचं, आणि पीक घरात आलं की तेवढंच, वर मूठभर जास्तीचं, परत नेऊन द्यायचं. देणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही, घेणाऱ्यानं विसरायचं नाही. भाऊ सीड्यांच्या प्रती काढून वाटायला लागले तेव्हा त्यांच्या डोक्यात असंच काहीतरी असावं. दिवाळी झाली, कापूस वेचून झाला आणि एका बाजाराच्या दिवशी लाडखेडकडचे एक पाटील, ज्यांच्या पोरानं जुना कॉम्प्युटर घरी आणला होता, भाऊंच्या दारात उभे राहिले. एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली सीडी, दुसऱ्या हातात तुरीची पिशवी.

"भाऊ, तुमचं बी परत आणलं. मस्त उगवलं बरं का."

भाऊंनी आधी गुंडाळी उघडून आतली सीडी पाहिली. मग असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांना तसं हसताना मी तेवढंच पाहिलं. मग त्यांनी पाटलांना खुर्ची दिली आणि समजावलं की हे देऊन संपत नाही, परत माझ्याकडे आणायची गरज नाही, पुढच्याला द्या. पाटलांना ते पटलं नाही. घेतलं त्यालाच परत द्यावं लागतं, हा त्यांचा हट्ट. शेवटी तूर ठेवून घ्यावी लागली. त्यातली अर्धी माझ्या घरी शिजली.

माझ्याबाबत सांगायचं तर मी पूर्ण गावरान कधी झाले नाही. माझे मराठी फॉन्ट जुन्या पद्धतीचे, गावरानवर न चालणारे, यवतमाळची छपाईवाली मंडळी त्याच फाइली मागणार. पण एके दिवशी बाजारात बातमी फिरली की नागपूरहून कंपनीची माणसं पोलीस घेऊन निघाली आहेत, नकली वापरणाऱ्यांची यंत्रं उचलणार. बघता बघता सगळ्या डीटीपीवाल्यांची, फोटोवाल्यांची शटरं खाली आली. मीही शटर ओढलं आणि आत अंधारात बसून राहिले. पलीकडे भाऊंचा क्लास निवांत सुरू होता. मधेच त्यांनी प्लायवूडवर टकटक केलं.

"ताई, अंधारात काहून बसल्या? इकडे येऊन बसा. इथं कोणाचं भेव नाही."

कोणीच आलं नाही त्या दिवशी. पण मी संध्याकाळी भाऊंना म्हटलं, माझ्या दोन यंत्रांपैकी एक तरी तुमचं करून द्या. त्यांनी करून दिलं, आणि मी दसऱ्याला दोन्ही यंत्रांची सारखीच पूजा केली. भाऊ पूजाबिजा करत नसत, पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन यायचे आणि माझ्या कीबोर्डमध्ये गेलेलं कुंकू झाडून द्यायचे.

हे सगळं हसण्यासारखं. आता जे सांगायचं आहे ते तसं नाही.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात गाड्यांची रीघ लागलेली असायची. अधिकारी येत, कॅमेरेवाले येत, पुढारी येत. पॅकेज जाहीर व्हायचं, पुन्हा जाहीर व्हायचं. आमच्या भागातले एक पुढारी होते, त्यांना सगळे साहेबच म्हणत, मीही तेच म्हणते. त्यांनी शेतकऱ्यांसाठी मदत केंद्र काढायचं ठरवलं. विहिरीचं अनुदान, पंप, पॅकेज, सगळ्याचे अर्ज तिथून कॉम्प्युटरवर भरायचे. केंद्र चालवायला त्यांच्या पीएनं भाऊंना विचारलं. यंत्रं त्यांची, जागा भाऊंची, दर महिन्याला मानधन. भाऊंची मुलगी त्या वर्षी बारावी झाली होती आणि तिला यवतमाळला नर्सिंगला घालायचं होतं. क्लासवर ते होण्यासारखं नव्हतं. भाऊ हो म्हणाले. मीच मिठाई आणली.

साहेब आले, फीत कापली. यंत्र सुरू केलं की पडद्यावर आधी साहेब हात जोडून उभे राहायचे, मग अर्ज उघडायचा. प्रत्येक यंत्राच्या पाठीला एक चिकटपट्टी होती, सील तोडू नये म्हणून. भाऊ त्या पट्टीवरून बोट फिरवायचे आणि हात मागे घ्यायचे. लोक यायला लागले. वस्तीतले आले, तांड्यावरचे बंजारा भाऊबंद आले, भाऊंच्या गावची ती मावशीही आली, नातवाला घेऊन. खूप वर्षांनी ती त्यांच्या दुकानाची पायरी चढली होती. भाऊंनी स्वतः उठून तिला पंख्याखाली बसवलं.

अर्जात शेत किती, पीक कोणतं, हे होतं. ते ठीक. पण पुढे घरात मतदार किती, जात कोणती, मोबाइल कोणाकडे, घरातलं मोठं माणूस कोणाचं ऐकतं, असंही होतं. दोन-चार दिवस भाऊ भरत गेले. मग यंत्रं तपासायला साहेबांचा इंजिनिअर आला तेव्हा त्यांनी विचारलं. प्लायवूडमधून मला सगळं ऐकू येत होतं.

"हे भरलेलं कुठं जाते जी?"

"वर जाते."

"वर म्हंजे कुठं?"

"सर्व्हरला."

"सर्व्हर कोनाचा? सरकारचा का साहेबाचा?"

"भाऊ, तुमी भरा ना. तुमाले काय करायचं?"

भाऊ दुसऱ्या दिवशी पीएला भेटायला गेले. परत आले तेव्हा माझ्याकडे येऊन बसले, पाणी मागितलं आणि प्यायले नाहीत. पीए काही वाईट बोलला नव्हता. उलट फार गोड बोलला. म्हणाला, "भाऊ, आमच्या पोरायले लोक खरं सांगत नाहीत. तुमच्या तोंडाकडे पाहून सांगतात. म्हणून तं केंद्र तुमाले देल्लं."

त्यानं ते कौतुक म्हणून सांगितलं होतं.

संध्याकाळी भाऊंनी केंद्राची सगळी यंत्रं थर्माकोल लावून खोक्यांत भरली आणि ओट्यावर रचून ठेवली. सील कुठल्याच यंत्राचं तोडलं नाही. मी संतापले. सरळ त्यांच्या दुकानात जाऊन बोलले.

"भाऊ, येडेपणा करू नका! पोरीच्या शिक्षणाचं काय? तुमी नाही भरलं तं दुसरा कोणी भरन. लोकायची माहिती तं जाणारच हाय ना?"

"जाईन," ते म्हणाले. "माह्या हातानं नाही जाणार."

"त्यानं काय फरक पडते?"

ते खोक्याची दोरी आवळत होते. "लोकायले नसन पडत, ताई. मले पडते."

मला त्या वेळी ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी भाऊ फार स्वार्थी वाटले. आपलं मन साफ ठेवायला माणूस पोरीचं नुकसान करतो की काय, असं वाटलं. मुलीला त्या वर्षी नर्सिंगला जाता आलं नाही. ती यवतमाळच्या एका कपड्याच्या दुकानात कामाला लागली. भाऊंच्या बायको, म्हणजे वहिनी, कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलत नव्हत्या.

केंद्र रस्त्यापलीकडच्या गाळ्यात गेलं. तिथे रांगा लागल्या. आमच्या सासऱ्यांच्या पंपासाठी मीही त्या रांगेत उभी राहिले, कारण दुसरीकडे अर्ज घेतच नव्हते. भाऊंनी मला पाहिलं, मान हलवली, आणि आत मुलींना शिकवायला गेले.

निवडणूक आली तसे फोन यायला लागले. एक गोड आवाजाची बाई नाव घेऊन बोलायची. अमुक गावचे तमुक ना, तुमच्या विहिरीचा अर्ज साहेबांनी मार्गी लावला बरं का, तुमच्या घरातली सगळी मतं आमच्याकडे नोंदलेली आहेत. पंप कोणाला मिळाला नव्हता. पण घरात किती माणसं आणि कोण कोणाचं ऐकतं हे त्या बाईला ठाऊक होतं. तांड्यावरच्या एकाला तर तिनं वारलेल्या बापाच्या नावानं हाक मारली. लोक हादरले. मग एकेक जण भाऊंच्या दारात यायला लागला. भाऊ, तुमाले कॉम्प्युटर समजते, आमचं नाव त्यातून काढून द्या.

"ते माह्या हातात नाही जी," भाऊ सगळ्यांना सांगायचे. "ते यंत्र माह्याकडे असतं तरी नसतं जमलं."

कोणी म्हणालं, भाऊ, तुम्ही बरोबर ओळखलं होतं. त्यावर त्यांचा चेहरा असा पडायचा की बोलणाऱ्याला चुकल्यासारखं व्हायचं. मला कारण माहीत होतं. सुरुवातीच्या त्या दिवसांत भरलेले अर्ज त्यांच्याच हातचे होते.

त्यांनी क्लास बंद ठेवला आणि त्या सगळ्यांच्या घरी गेले. पायी, जीपनं, कोणाच्या सायकलवर मागे बसून. प्रत्येकाच्या ओट्यावर बसून सांगितलं की तुमच्या घरची माहिती मी पाठवली, न विचारता पाठवली, माझं चुकलं. काही जणांना काय चुकलं तेच कळलं नाही, त्यांनी चहा पाजला. एकानं शिव्या दिल्या. सगळ्यांत शेवटी ते त्या मावशीकडे गेले. इतके दिवस का टाळलं होतं, हे त्यांना विचारायची माझी हिंमत नव्हती. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगाले तं आलास ना बापू. त्या बियाण्याच्या टाइमाले कोणीच आलं नव्हतं."

हे मला सांगताना भाऊ रडले. मीही रडले. मग त्यांनी नाक पुसलं आणि माझ्या यंत्राला काय झालं ते बघायला लागले.

त्यानंतर ते फार वर्षं राहिले नाहीत. छातीत दुखायचं, ते गॅस म्हणून सोडून द्यायचे. शेवटी यवतमाळच्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं आणि कुठल्याशा योजनेच्या कार्डासाठी फोटो हवा होता. त्यांच्याकडे एकट्याचा असा धड फोटोच नव्हता. मी माझ्या कॅमेऱ्यानं काढला, पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवून. हसा म्हटलं तर हसले नाहीत.

"हा फोटो कुठं कुठं जाईन, ताई?"

"कार्डावर जाईन. आन माह्या मशीनमध्ये राहीन. बाकी कुठं नाही."

"तुमच्या गावरानमध्ये ठेवजा," ते म्हणाले, आणि तेव्हा जरा हसले. पण तोवर फोटो काढून झाला होता.

ते दवाखान्यातून परत आले नाहीत. गावच्या विहारात पुण्यानुमोदनाला गर्दी झाली होती. ज्यांना त्यांनी शिकवलं त्या पोरी, आता कोणी ग्रामपंचायतीत, कोणी बँकेच्या केंद्रात, पोरंबाळं कडेवर घेऊन आल्या होत्या. कोणीतरी भाषण करायला उठलं आणि वहिनींनी हातानंच नको म्हटलं.

चार दिवसांनी साहेबांचा पीए माझ्या दुकानात आला. नगरपालिकेची निवडणूक जवळ होती. त्याला भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा होता, चौकात लावायला. मजकूर त्यानं लिहूनच आणला होता. भाऊंच्या नावाखाली होतं, 'साहेबांचे विश्वासू सहकारी, मदत केंद्राचे पहिले संचालक'. वर साहेबांचा मोठा फोटो, खाली कार्यकर्त्यांचे छोटे, आणि मधे भाऊंचा.

"फोटो तुमच्याकडेच हाये म्हणतात ताई. दुसरीकडे भेटला नाही."

माझं निम्मं पोट निवडणुकीच्या छपाईवर चालायचं. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "हाये. पण देत नाही."

"काहून?"

"त्यायनं देऊ नका म्हणलं व्हतं."

हे तंतोतंत खरं नव्हतं. पण त्या वेळी मला ते खरंच वाटलं, आणि आजही वाटतं. पीए म्हणाला, बघा बुवा, वर्षभराचं काम असते तुमचं. मी बघितलं. त्यानं यवतमाळहून फ्लेक्स करून आणला आणि त्या वर्षी साहेबांचं एकही काम माझ्याकडे आलं नाही.

फ्लेक्स चौकात लागला. वर साहेब, खाली रांगेत सगळे हात जोडून, आणि मधल्या गोलात, जिथं भाऊ असायला हवे होते, तिथं एक छापील समई तेवत होती. येणारेजाणारे थांबून विचारायचे, अरे, भाऊचा फोटो काहून नाही? तालुक्यात कोणाचा सोडला नाही आणि त्यांचाच कसा नाही?

बाजाराच्या दिवशी वहिनी जीपमधून उतरल्या. मी दुकानातून पाहत होते. त्या फ्लेक्ससमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. सगळ्या गर्दीत आपल्याच माणसाला जागा नाही, असं कोणत्याही बाईला वाटलं असतं. त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"फोटो तुमीच देल्ला नाही ना?"

"व्हय वहिनी. मागाले आला व्हता. मी नाही म्हणलं. नाव मात्र मले थांबवता नाही आलं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता बोल लावतील. पण बोलल्या तेव्हा आवाज शांत होता.

"जिते व्हते तं एकदा कंपनीनं आन एकदा या साहेबानं त्यायचं तोंड दाखवून लोकायले फसवलं. मेल्यावर तरी ते तोंड कोणाच्या कामी नाही आलं. बरं केलं बाई."

मी त्यांच्यासाठी फोटोची एक मोठी प्रत काढून पाकिटात ठेवली होती. ती दिली. त्यांनी वांगी, कोथिंबीर बाजूला सारून पाकीट पिशवीत नीट उभं ठेवलं. मग मी त्यांना जीपपर्यंत सोडायला गेले. आम्ही दोघी त्या फ्लेक्सखालूनच गेलो. वर सगळे हसत होते. वहिनींनी मान वर केली नाही. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती, आणि भाऊ त्यांच्याबरोबर घरी चालले होते.